तीन पॉइंट सात

कॉपी पकडायची असेल तर बरोबर उत्तरं बघत बसू नये. बरोबर उत्तर चाळीस मुलांचं एकच येतं, त्यात नवल काही नाही. बघायच्या त्या चुका. शेजारी शेजारी बसलेल्या दोन पोरांनी 'सतरा पाचे पंच्याण्णव' लिहिलं असेल, तर त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या पेपरात डोकावलं आहे हे शपथेवर सांगता येतं. इचलकरंजीत सव्वीस वर्षं गणित शिकवून मला एवढं तरी कळलं आहे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. आणि मी हे सगळं रागात लिहिते आहे, हेही सांगून ठेवते. 'खारगेबाई, झालं ना आता नीट, सोडून द्या,' असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते आपापल्या घरी म्हणावं.

माझे मिस्टर, मल्हारी खारगे, गावभागातल्या एका मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की तो लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर. गावात आता बहुतेक ठिकाणी बिनधोट्याचे नवे माग आले, पण सातगोंडा मालकांकडे अजून अठ्ठेचाळीस जुने माग आहेत, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाला फेकणारे. मल्हारी त्यांच्यात अडतीस वर्षं वावरले. माग बघायच्या आधी ते डोळे मिटून उभे राहतात. 'सात नंबरचा पट्टा सैल झालाय,' म्हणतात, आणि तो झालेला असतो. ज्या आवाजाने त्यांना हे शिकवलं, त्याच आवाजाने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. पन्नाशी उलटली तेव्हा मी स्वयंपाकघरातून हाक मारायचं सोडून दिलं होतं. समोर जाऊन खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं.

तीन वर्षांपूर्वी सरकारी शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं. जुनी मशीनं सगळेच आवाज मोठे करायची, त्यामुळे माणसं ती पेटीत ठेवून द्यायची. हे नवं मशीन तसं नाही. त्यात एक छोटा मेंदू असतो. कानाशी येणारा प्रत्येक आवाज तो ओळखतो आणि दोन ढिगांत टाकतो: 'अर्थपूर्ण' आणि 'अडथळा'. अर्थपूर्ण आवाज स्वच्छ करून कानात सोडतो, अडथळा तिथल्या तिथे पुसतो. कुठला आवाज कुठल्या ढिगात, हे तो चाळीस हजार तासांच्या एका जागतिक ध्वनिसंग्रहावरून शिकलेला आहे.

पहिल्या दिवशी मशीन लावून मल्हारी कारखान्यात गेले. अठ्ठेचाळीस माग धडधडत होते. हे मधोमध उभे राहिले आणि मालकांना म्हणाले, "लाइट गेलीया काय?"

सगळा कारखाना हसला. मालकांचं हसणं त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं. माग मात्र नाही. मशीन काढलं की सगळंच गप्प, लावलं की माणसं बोलायची आणि माग मुके. घरी आल्यावर ते बराच वेळ पायातली चप्पल न काढता बसून राहिले.

"कुंदा," ते म्हणाले, "जॉबर म्हणून माझं आता काय ऱ्हायलं गं?"

मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'अभिनंदन! आपल्या यंत्राची गोंगाट-निवारण सुविधा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.'

त्या दिवसापासून माझं डोकं तापलं ते तापलंच.

शोधाशोध केल्यावर कळलं की मशीनच्या आतला प्रोग्राम कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं मिळून तो लिहितात. प्रकल्पाचं नाव टिंपा. प्रोग्राम उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा सुचवावी, कंपन्यांनी तो फुकट घेऊन आपल्या मशीनमध्ये घालावा. मी ध्वनिसंग्रहाची यादी उघडली. अर्थपूर्ण आवाजांत काय काय होतं! भांडी धुण्याच्या यंत्राची शिट्टी, अकरा तास. काचेचे पेले एकमेकांना टेकवल्याचा आवाज. बर्फावरून घसरणाऱ्या लाकडी पट्ट्या. गोल्फचा चेंडू, नुसता लागलेला वेगळा आणि नीट लागलेला वेगळा. आणि माग? 'अडथळा, औद्योगिक गोंगाट, क्रमांक एकतीस.' नमुना म्हणून एक मिनिटसुद्धा नाही. न ऐकताच ठरवलेलं.

म्हणजे कुणाचा चेंडू नीट लागला हे ऐकणं अर्थपूर्ण, आणि माझ्या नवऱ्याचा आयुष्यभराचा धंदा म्हणजे अडथळा. मी ठरवलं, सुधारणा मीच करणार.

सोपं नव्हतं. टिंपा 'ओर्सा' नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. प्रोग्राम लिहून देणारी संगणकी मशीनं आहेतच, सांगितलं की मिनिटभरात देतात. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका मशीनने लिहिलेल्या, कुणी न वाचलेल्या प्रोग्रामने माणसांच्या कानात असह्य आवाज सोडला होता. तेव्हापासून शरीराला लागणाऱ्या यंत्रांसाठी ओर्साच वापरायची असा कायदा झाला. इतर भाषांमध्ये प्रोग्राम चालला की झालं. ओर्सामध्ये तो कधीच चुकीचा चालणार नाही याची सिद्धता प्रत्येक ओळीसोबत लिहावी लागते, आणि ती पटली तरच भाषा प्रोग्राम घेते. शिवाय टिंपाची रीत अशी की सुधारणा देणाऱ्याने तोंडी परीक्षा द्यायची. समोर प्रकल्पाची माणसं, शेजारी प्रोग्राम लिहिणारं मशीन नाही. भाषांतर चालतं, सल्ला चालत नाही. कुठलीही ओळ विचारतील, ती का लिहिली हे सांगता आलं पाहिजे.

मला ही रीत आवडली, खोटं कशाला बोलू? वर्गात मी तरी दुसरं काय करते? 'उत्तर बरोबर आहे, पायऱ्या दाखव.' आता माझ्यावर पाळी आली होती.

दीड वर्ष लागलं. तोवर मल्हारी मागाला हात लावून, थरथरीच्या अंदाजाने कसंबसं निभावत होते. सकाळी डबे करायच्या आधी दोन तास, शाळेत मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये. आवाज निम्मा करणारा प्रोग्राम, एवढाच पहिला धडा, त्यावर एकोणीस दिवस गेले. ओर्सा म्हणायची, 'निम्मा झाला हे दिसलं. तो कधीच दुप्पट होणार नाही, हे दाखवा.' मी दाखवायचे. 'ऐकणाऱ्याने मधेच मशीन बंद केलं तर?' तेही दाखवायचे. स्टाफरूममधल्या बायका विचारायच्या, पन्नाशीत कसला कोर्स लावलाय, बढती मिळणार आहे का? मी म्हणायचे, मागाचा आवाज ऐकायला शिकतेय. मग त्या पुन्हा काही विचारायच्या नाहीत.

मागाचं शास्त्र मला मल्हारींनी शिकवलं, जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठोके देऊन. मागाच्या प्रत्येक फेरीत दोन आवाज महत्त्वाचे. एक, धोट्याला बसलेला मार. दुसरा, धोटा पलीकडच्या पेटीत पोचल्याचा ठोका. दोन्हींच्या मध्ये साधारण एकशे साठ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. माग निरोगी असला की हे अंतर प्रत्येक फेरीला जवळपास तेवढंच राहतं. पट्टा सैल झाला, पेटी झिजली, की धोटा उशिरा पोचायला लागतो. फार उशीर झाला तर तो पेटीत न शिरता बाहेर उडतो, आणि वाटेत जे असेल त्याला लागतो. या गावात अशा धोट्यांनी डोळे गमावलेली माणसं मी बघितली आहेत.

तेव्हा माझी युक्ती साधी होती. मशीनने हे अंतर मोजायचं. ते एकशे साठच्या आसपास असेल तर हा माग आहे, अर्थपूर्ण आहे, कानात सोडायचा. आता 'आसपास' म्हणजे किती? अंतर किती मागेपुढे झालं तरी तो मागच समजायचा? ती संख्या काढायला नमुने हवे होते. मी सातगोंडा मालकांची परवानगी काढली आणि एका मंगळवारी अठ्ठेचाळीस मागांचे आवाज भरून आणले. हिशेब केला. तीन पॉइंट सात. कुठल्याच मागाचं अंतर तीन पॉइंट सात मिलिसेकंदांपेक्षा जास्त हलत नव्हतं. इतकी नेटकी संख्या आली की मला गहिवरून आलं.

नियमाप्रमाणे स्वतः केलेला बदल स्वतःच्या मशीनमध्ये तीस दिवस चालवून बघता येतो. तेवढ्यात प्रकल्पाने मंजूर केला नाही, तर तो आपोआप पुसला जातो. मी सुधारणा टिंपाकडे पाठवली आणि मल्हारींच्या मशीनमध्ये घातली. ते कारखान्यात शिरले, दारातच थांबले, आणि मला फोन लावून नुसता धरून ठेवला. मागांची धडधड ऐकू येत होती. थोड्या वेळाने म्हणाले, "आलं गं. समदं आलं." ते रडत होते आणि मीही.

बाराव्या दिवशी धोटा उडाला. मल्हारींच्या भुवईवर लागला. सात टाके पडले, डोळा दोन बोटांच्या अंतराने वाचला.

दवाखान्यात मी त्यांना एकच विचारत होते, "माग बिघडल्याचं ऐकू नाही आलं?"

"न्हाई. बाकीचं माग वाजत हुतं. त्यो एकच कवा गप झाला कळलंच न्हाई."

मी घरी येऊन पुन्हा नमुने ऐकले, पुन्हा मोजले. सगळं बरोबर. मग मला जरा शंका आली. मी दवाखान्यात परत गेले.

"अहो, मी आवाज भरायला आले होते, त्याच्या आधी तुम्ही मागांना काही केलं होतं का?"

मल्हारी पट्टी बांधलेल्या डोक्याने खिडकीकडे बघत राहिले. "जरा लावून घेतले हुते."

"किती माग?"

"समदे. तीन दिस लागलं. तेलपाणी केलं, पट्टं बदललं, पेट्या घासून घेतल्या." मग एकदम उसळून म्हणाले, "जगभरची माणसं ऐकनार म्हनालीस की तू! आपला माग खडखडताना ऐकवायचा व्हय त्यास्नी?"

घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसे ह्यांनी अठ्ठेचाळीस माग आवरले होते. माझ्याकडे आले ते सगळे निरोगी मागांचे आवाज. साहजिकच संख्या तीन पॉइंट सात आली. बिघडलेला माग त्यापेक्षा जास्त हलायचा, आणि तसा हलला की माझा प्रोग्राम म्हणायचा, हा माग नाही, अडथळा आहे, पुसून टाका. ज्या क्षणी ऐकायला हवा नेमका त्याच क्षणी. आणि दोष त्यांचा एकट्याचा कसा? पोरांना पायऱ्या विचारणारी मी, हे नमुने कसे आले हे मी कुणाला विचारलं होतं?

मी सुधारणा मागे घेतली. टिंपाच्या नोंदवहीत मागे घेतलेलं कामही सगळ्यांना दिसत राहतं; तिथे एकच शब्द लिहिला, 'मागे'. कारण लिहायची जागा होती, मी ती रिकामी सोडली. नवऱ्याने लाजेकाजेस्तव माग पुसले, हे जगाला काय सांगायचं? तो रिकामा चौकोन पुढे किती महागात पडणार होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुन्हा नमुने भरायचे, तर माग मुद्दाम बिघडवायला हवे होते. हे मल्हारींना सांगणं धोट्याच्या टाक्यांपेक्षा अवघड गेलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग सुट्टीच्या दिवशी स्वतःच म्हणाले, चल. कारखान्यात गेल्यावर त्यांनी सात नंबरच्या मागाला हात जोडले, आणि पाना घेऊन पट्टा सैल केला. लांबच्या भिंतीआड उभं राहून आम्ही आवाज भरले. एक बिघाड, मग दुरुस्ती, मग दुसरा बिघाड. असे एकतीस. दर वेळी ते आधी सांगायचे, आता असा वाजेल, आणि तो तसाच वाजायचा. नवी संख्या आली बावीस. त्याच्याही पलीकडे गेला तर धोटा उडणारच, मग ऐकून उपयोग नाही.

नवा बदल मल्हारींच्या मशीनमध्ये घातला, टिंपाकडे पाठवला, आणि ह्या वेळी तोंडी परीक्षेपर्यंत पोचले. समोर हेलेन नावाच्या बाई होत्या, टिंपाच्या मुख्य तपासनीसांपैकी एक, उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातून. फार सभ्य. सिद्धतेच्या दीडशे ओळी त्यांनी विचारल्या, मी दीडशेच्या दीडशे सांगितल्या. मग त्या बावीसवर आल्या.

"हे एकतीस बिघाड कुणी ओळखले?"

"माझ्या मिस्टरांनी. ते जॉबर आहेत."

"त्यांचं काही प्रसिद्ध झालेलं संशोधन?"

"अडतीस वर्षं ते हेच करतात."

"मी समजू शकते," हेलेन म्हणाल्या. "पण संदर्भाच्या रकान्यात सर्वांना तपासता येईल असा स्रोत लागतो. हे मत झालं, माप नाही."

"गोल्फच्या चेंडूला कुठला स्रोत आहे?"

त्यांनी बघितलं. "गोल्फ संघटनेचा अहवाल आहे."

आमच्याकडे जॉबरांची संघटना नव्हती आणि अहवाल लिहिणारं तर कुणीच नव्हतं. सुधारणा नामंजूर झाली. तीस दिवस भरले, बदल पुसला गेला, माग पुन्हा मुके झाले. सातगोंडा मालक वाईट माणूस नाहीत, पण डोळा जाता जाता वाचल्यावर त्यांनी तरी काय करावं? त्यांनी मल्हारींना घडीच्या टेबलावर बसवलं, कापडाच्या घड्या घालायला. अडतीस वर्षांचा जॉबर घडीवर! घरी माझा टॉवेलही कधी नव्हे तो चौकोनी, टोकाला टोक जुळवून ठेवलेला असायचा. तो बघितला की मला काहीतरी फोडावंसं वाटायचं.

चार महिन्यांनी मशीनमध्ये नवी सुधारणा आपोआप आली. 'नवीन: औद्योगिक श्रवण. आता यंत्रमागाचा आवाजही ऐका! सोनाव्हेल कंपनीच्या संशोधनातून.' मल्हारी सकाळीच उड्या मारत कारखान्यात गेले. मालकांनी त्यांना त्याच दिवशी पुन्हा जॉबर केलं. मलाही आनंद झाला, कशाला नाकारू? माझ्या नाही तर दुसऱ्याच्या हातून झालं, पण झालं. मोकळ्या तासाला मी सहज तो प्रोग्राम उघडला. मार आणि ठोका. एकशे साठ. आणि अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर तीन पॉइंट सात.

मी पुढचा वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला आणि स्कूटर काढली.

मल्हारी सात नंबरच्या मागावर वाकले होते. मी जाऊन त्यांच्या कानातली दोन्ही मशीनं ओढून काढली. सगळा कारखाना बघत राहिला. मी कारखान्यातल्या हिशेबाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: 'ही माझीच जुनी चूक आहे.' ते वाचून त्यांचा हात आपोआप भुवईवरच्या वणाकडे गेला. मग ते वळले आणि शेजारच्या मागावरच्या कल्लाप्पाच्या कानातलं मशीन स्वतः काढलं.

गावात अशी मशीनं लावलेले सत्तावीस विणकर होते. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रत्येकाकडे गेलो. त्यातल्या दोन विणकरांनी आम्हाला वेड्यात काढलं. म्हणाले, एवढी मोठी कंपनी चुकते आणि तुम्ही बरोबर?

कंपनी माझ्यासारखी तोंडी परीक्षेत का अडकली नाही? कारण मान्यताप्राप्त कंपन्यांना तोंडीतून सूट होती! तिथे मशीन प्रोग्राम लिहितं आणि एक जबाबदार माणूस 'मला प्रत्येक ओळ समजली आहे' अशी सही करतो. गावातल्या गणिताच्या बाईने प्रत्येक ओळ तोंडी सांगायची, कंपनीच्या माणसाने नुसती सही करायची. हा कुठला न्याय? मी टिंपाचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले, आणि सत्तेचाळिसावा सापडला. मंजूर झालेल्या कुठल्याही सुधारणेवर, त्या विषयात आधी काम पाठवलेल्या माणसाला साठ दिवसांच्या आत एका ओळीची तोंडी मागता येते. फक्त एका ओळीची. मला तेवढी पुरेशी होती.

पडद्यावर हेलेन होत्या आणि सोनाव्हेलतर्फे सही करणारा इंजिनिअर, तन्मय देवल, पुण्याचा, पस्तिशीचा. माझ्या शेजारी मल्हारी मशीन लावून बसले होते. माणसांचं बोलणं त्यांना छान ऐकू येत होतं, त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

"अठ्ठ्याऐंशी नंबरची ओळ," मी म्हणाले. "तीन पॉइंट सात का?"

"ही संख्या सांख्यिकीच्या दृष्टीने सर्वांत योग्य आहे," तन्मय म्हणाला.

"पायऱ्या दाखवा."

"आमच्या प्रणालीने उपलब्ध माहितीवरून..."

"कुठल्या माहितीवरून? कुठले माग? कुठल्या गावचे? कुणी भरले आवाज?"

त्याचे डोळे पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. हेलेन म्हणाल्या, "कृपया दुसरं काही वाचू नका." त्याने मान खाली घातली. परीक्षेत पोरगं अशी मान घालतं तेव्हा मला एरवी दया येते. त्या दिवशी आली नाही.

"मॅडम," तो शेवटी मराठीत म्हणाला, अगदी हळू, "मला ओर्सा येत नाही. मला सहीसाठी ठेवलंय."

"मग शीक," मी म्हणाले. "दीड वर्ष लागतं. मी पन्नाशीत शिकले. त्या सहीवर सत्तावीस माणसांचे डोळे अवलंबून आहेत!"

हेलेननी मध्ये हात वर केला. "ही संख्या चुकीची आहे, हे तुम्हाला नक्की कसं माहीत आहे?"

आता तो रिकामा चौकोन भरायची वेळ आली होती. मी मल्हारींकडे बघितलं. जगभरच्या माणसांसमोर त्यांचं नाव खाली जाणार होतं, आणि ते मलाच करायचं होतं. ते खुर्चीत सरळ बसले.

"सांग की," ते म्हणाले. "खरं हाय ते."

"कारण ती चूक आमची आहे," मी म्हणाले. "जगात कुठल्याही कारखान्यात अठ्ठेचाळीस जुने माग एकाच वेळी इतके नीट चालत नाहीत. कधीच नाही. आमच्याकडे ते एका मंगळवारी चालले, कारण तुम्ही ऐकणार म्हणून ह्यांनी आधी तीन दिवस खपून ते पुसले होते. तीन पॉइंट सात ही मागाची संख्या नाही. ती माझ्या नवऱ्याच्या अभिमानाची संख्या आहे. दुसऱ्या कुणाला ती सापडूच शकत नाही. सापडली असेल तर टिंपाच्या नोंदवहीतल्या माझ्या जुन्या कामातून. मी ती मागे घेतली आणि कारण लिहिलं नाही, तेवढी चूक माझी. उरलेली ह्या कंपनीची, जिने ती न विचारता उचलली."

हेलेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या मघापेक्षा कमी सभ्य दिसत होत्या, आणि मला त्या पहिल्यांदाच आवडल्या.

दुसऱ्याच दिवशी सोनाव्हेलची सुधारणा सगळ्या मशीनमधून काढली गेली. कंपनीने पत्रक काढलं, 'आमच्या कडक गुणवत्ता तपासणीत एक किरकोळ त्रुटी आढळली.' आमच्या! आढळली! ते पत्रक मी छापून स्टाफरूममध्ये लावलं आहे. सूट देण्याचा नियम टिंपाने अजून बदललेला नाही, 'विचाराधीन' आहे. म्हणून मी शांत झालेली नाही आणि होणारही नाही.

हेलेनचं पत्र मात्र वेगळं होतं. बावीसची सुधारणा घ्यायला त्या तयार होत्या. फक्त संदर्भाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तिथे सर्वांना तपासता येईल असा स्रोत लिहावा, अशी विनंती.

मी लिहिलं: 'मल्हारी खारगे, जॉबर. सातगोंडा मालकांचा कारखाना, गावभाग, इचलकरंजी. सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत. कुणीही यावं, ऐकावं, तपासावं.'

रकाना मंजूर झाला. जगातल्या प्रत्येक मशीनमध्ये आता ती ओळ आहे. वर आणखी एक पत्र आलं, हेलेन स्वतः पुढच्या महिन्यात येणार आहेत, माग ऐकायला. मी ते मल्हारींना वाचून दाखवलं. ते सात नंबरपाशी उभे होते, डोळे मिटून. पट्टा जरासा कुरकुरत होता, आणि तो त्यांना ऐकू येत होता.

"परदेशातनं येनार?" त्यांनी डोळे उघडले. "कंच्या तारखेला? म्हंजी दोन दिस आधी माग जरा पुसून..."

"हात तर लावून बघा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की अठ्ठेचाळीस मागांच्या धडधडीतही सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.